सरांचं बर्लिन

सातवीच्या वर्षभरात इतिहासाच्या सरांनी आमच्या खोलीत एकदाही पाय ठेवला नाही. तासाची घंटा झाली की ते दाराबाहेर उभे राहून हातातली छत्री उंबरठ्यावर दोनदा आपटायचे, आणि आम्ही पायात चपला सरकवून बाहेर. ऊन असो, चिखल असो, इतिहास चालता चालताच शिकायचा. ‘बसलेल्या माणसाले इतिहास समजत नाही, निस्ती झोप येते,’ असं त्यांचं म्हणणं. भूगोलाच्या तासाला आम्ही बसलेले असायचो आणि झोपायचोही, त्यामुळे ते आम्हाला पटायचं. खोलीत न येण्याचं दुसरं काही कारण असेल, असं कुणाच्या मनातही आलं नाही.

सर मागच्या वर्षी गेले. मेहकर तालुक्यात जानेफळच्या पुढे आत वळलं की आमचं गाव लागतं. तिथे त्यांनी अख्खी नोकरी काढली आणि निवृत्त झाल्यावरही तिथेच राहिले. लग्न केलं नाही. उंच, थोडे वाकलेले, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, खांद्याला शबनम, आणि बोलणं अस्सल आमच्याकडचं. एकदा शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी त्यांना ‘मुलांसमोर तरी शुद्ध बोलत चला’ असं सुनावलं. सर म्हणाले, ‘साहेब, मी एक डाव शुद्ध बोलून पाह्यलं. लय सफाईनं खोटं बोलल्या जाते.’ साहेब हसले, हेडमास्तर हसले, आम्हीही हसलो. सर हसले नव्हते, हे मला फार उशिरा आठवलं.

त्यांचं वेड एकच होतं, बर्लिन. जर्मनीची राजधानी, तिथली हुकूमशाही आणि तिथलं महायुद्ध. पाठ्यपुस्तकात या सगळ्याला मिळून अडीच पानं होती. सरांना ती अडीच पानं जून ते मार्च पुरायची.

या वेडाचं मूळ एका नकाशात होतं. आम्ही जन्मायच्याही आधी सर शाळेची सहल घेऊन लोणारला गेले होते. सरोवराच्या काठावर दगड गोळा करत फिरणारी एक जर्मन बाई त्यांना भेटली. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. सरांनी तिला भाजलेल्या शेंगा दिल्या, तिने पिशवीतून आपल्या शहराचा घडीचा नकाशा काढून त्यांच्या हातात ठेवला. दुसऱ्या कुणी तो घरी आणून फळीवर अंथरला असता. सरांनी एका जुन्या डिक्शनरीच्या आधाराने त्यातला एकेक रस्ता लावला, लायब्ररीतून मिळतील ती पुस्तकं वाचली, आणि एके दिवशी ते शहर आमच्या गावात पावलांनी मोजून बसवून टाकलं. तिथली शंभर पावलं म्हणजे इथली दहा.

शाळेचं फाटक हा ब्रांडेनबर्गचा दरवाजा. ग्रामपंचायत ही संसद, आगीत सापडलेली. बाजारओट्यावर पुस्तकं जाळली गेली, एसटीच्या थांब्यावरून माणसं मालगाडीत भरून पाठवली गेली. आणि ज्या तळघरात त्या हुकूमशहाने शेवटी स्वतःला गोळी घालून घेतली, ते तळघर बरोबर गावाच्या उकिरड्यावर यायचं. गावकऱ्यांनी याचा भलताच अर्थ घेतला. उकिरड्याच्या मागेच लोक सकाळी पाण्याचा डबा घेऊन जात. त्यामुळे आमच्या गावात ‘बर्लिनला जाऊन येतो’ म्हणजे काय, हे लहान पोरालाही समजायचं. पाहुणेरावळे चक्रावून जायचे.

हुकूमशहाचं नाव सर तोंडातून काढत नसत. ‘त्याचं नाव साऱ्या जगाले पाठ हाय. मले त्याच्या कारकुनाचं नाव सांगा,’ म्हणायचे. राजवाडे, सेनापती, रणगाडे यांत त्यांना रस नव्हता. एसटीच्या थांब्यावर आम्हाला उन्हात उभं करून ते विचारायचे, ‘गाडी भरून गेली. ठीक. पण गाडी किती वाजता सुटते, हे फळ्यावर कोणं लिवलं? तो माणूस त्या दिवशी घरी गेला, जेवला, पोराले मांडीवर घेतलं. त्याचं काय?’ आम्हाला काय ठाऊक त्याचं काय. आमचं लक्ष समोरच्या हॉटेलातल्या भज्यांवर.

सहामाही परीक्षेत त्यांनी एक प्रश्न काढला होता, तो अजून गावात सांगतात. ‘चौकात पुस्तके जाळली गेली. ती चौकापर्यंत कोणी वाहून आणली?’ पुस्तकात उत्तर नव्हतं. कुणी ‘सैनिकांनी’ लिहिलं, कुणी ‘हमालांनी’, एकाने ‘बैलगाडीने’. सगळ्यांना शून्य. पेपर वाटताना सर म्हणाले, ‘कॉलेजच्या पोट्ट्यायनं आणली बे. शिकलेल्या पोट्ट्यायनं. अन् त्याइच्या मास्तरायनं उभं राहून पाह्यलं. हे विसरान तं माह्यं सारं शिकवणं पाण्यात.’ पालकांची तक्रार गेली. हेडमास्तरांनी सगळ्यांना सरसकट दोन दोन मार्क वाढवून दिले.

हा बर्लिनचा फेरा नेहमी एकाच ठिकाणी संपायचा. बाजारओट्यावरून नाल्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर एक हापशी आहे. तिथे आलो की सर थांबत, दांडा मारून चूळ भरत आणि म्हणत, ‘बस. इथून पुढं नकाशा संपते. चाला माघारी.’ हापशीच्या पुढे शिवरामदादांचं घर आणि त्यांचा भाजीचा मळा. तिथे बांधाला मोठं चिंचेचं झाड होतं आणि आमचा जीव त्या चिंचांवर. ‘सर, नकाशा थोडा वाढवा ना,’ असं आम्ही पुष्कळदा म्हणून पाहिलं. एरवी पोरांचं ऐकणारा माणूस, पण या बाबतीत कधी बधला नाही.

मास्तरांना सरकारी याद्या करायची कामं लागतातच, जनगणना, मतदारांची नावं, काही ना काही. सरांना असं काम लागलं की गावाला धडकी भरायची. इतर मास्तर दारात उभ्या उभ्या दहा घरं उरकायचे, सरांचं एक घर तासाला हलत नसे. ‘वय किती?’ ‘चाळीस लिवा.’ ‘लिवा म्हणजे? हाय का चाळीस?’ ‘असंन बाप्पा.’ ‘असंन नको. दाखला काढ.’ एकदा माझ्या आजीला त्यांनी ‘मुलं किती?’ असं तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा ती भडकली. ‘पाच सांगतली ना गुरुजी, आता काय पोटातून परत काढून दाखवू?’ सर शांतपणे म्हणाले, ‘चिडू नका माय. मी कागदावर जे लिवतो, तेच खरं होऊन बसते. मंग कोणाच्या बापाले खोडता येत नाही.’ आजी दिवसभर त्यांच्या नावाने बोटं मोडत होती.

बाजाराच्या दिवशी ते भाजी घ्यायचे ती फक्त द्वारकाबाईंकडून. द्वारकाबाई म्हणजे शिवरामदादांची बायको. ठेंगणी, हसरी, हाताने फार चपळ. मेथी, पालक, वांगी मांडून बसायची. आमच्याकडे भाजी घेतली की वरून मूठभर सांबार, म्हणजे कोथिंबीर, तशीच टाकायची पद्धत आहे. गिऱ्हाईक मागून घेतं, भांडून घेतं. सर मात्र ती परत काढून तिच्या टोपलीत ठेवत. ‘गुरुजी, एवढंसं सांबार बी तुमाले जड होते का?’ ती हसून विचारायची. ‘हाव, होते,’ म्हणून सर निघून जायचे. विक्षिप्तपणा, दुसरं काय, असं सगळे म्हणत.

द्वारकाबाईंना मूल नव्हतं. गावात बायका तिच्याशी बोलत, हसत, तिच्याकडून भाजी घेत, आणि डोहाळजेवण, बारसं असलं की तिला वगळत. या वयाच्या बाईला आमच्याकडे सगळे काकू म्हणतात, माय म्हणतात. तिला सगळे द्वारकाबाईच म्हणत. मीही तेच म्हणायचे.

पुढे मी शिकले, पुण्यात नोकरीला लागले, आणि कंपनीने मला दोन वर्षांसाठी पाठवलं ते नेमकं बर्लिनला. सरांना फोन करून सांगितलं, तर पलीकडे नकाशाची घडी उलगडल्याचा आवाज आला. मग म्हणाले, ‘बूट चांगले घेजो. चालाचं हाय.’

तिथल्या रविवारी दुपारी मी घराबाहेर पडायचे, तेव्हा इथे संध्याकाळ व्हायला आलेली असायची. सर नकाशा अंथरून फोन कानाला लावून बसायचे. व्हिडिओ त्यांना चालत नसे. ‘चित्र नको दाखवू. तू पाह्य अन् मले सांग. सांगाले लागलं की माणूस नीट पाह्यते.’ ज्या शहरात त्यांनी कधी पाय ठेवला नाही, त्यात ते मला आमच्या गावातून चालवत होते. ‘आता डाव्या हाताले वळ. पुढं पूल येईन.’ पूल यायचा. चुकायचे ते एकाच बाबतीत. त्यांचा नकाशा भिंत पडण्याच्या आधीचा. ‘थांब, पुढं भिंत हाय,’ ते ओरडायचे, आणि माझ्यासमोर चपलांचं दुकान असायचं.

तळघराच्या जागी मी पोचले तेव्हा तिथे एक साधी पाटी आणि गाड्या लावायची मोकळी जागा होती. एक माणूस कुत्र्याला फिरवत होता. मी तसं सांगितलं. सर खूश झाले. ‘म्हणजे आपला उकिरडा बरोबरच बसला बे,’ म्हणाले. ‘बे’ हे पोट्ट्यांना म्हणायचं; मला ते कधी म्हणत नसत, त्या दिवशी भरात म्हणून गेले. पुस्तकं जाळली त्या चौकात फरशीत एक काच बसवली आहे, खाली नुसती रिकामी कपाटं. ‘रिकामी? एकबी पुस्तक नाही?’ त्यांनी दोनदा विचारून घेतलं. भिंतींवर गोळ्यांची भोकं अजून आहेत, ती मी बोट घालून मोजावीत असा त्यांचा आग्रह. भर रस्त्यात मी ते करत असताना लोक बघत होते. मी त्यांच्यावर चिडलेही, पण मोजली.

मग तो नोव्हेंबरातला रविवार आला. थंडी मरणाची, आणि सरांनी मला एका साध्या वस्तीत नेलं होतं. तिथे फुटपाथवर घरांच्या दारासमोर फरशीत पितळेचे छोटे चौकोन बसवलेले असतात. त्या घरातून ज्यांना नेऊन मारलं, त्यांची नावं त्यावर कोरलेली. सरांच्या पुस्तकांत हे नव्हतं, त्यामुळे मी पहिल्यांदाच काहीतरी त्यांना नवीन सांगत होते आणि त्याचा मला थोडा आनंदही झाला होता. एका दारासमोर तीन चौकोन होते. मी खाली वाकून वाचून दाखवले. नवरा. बायको. मुलगी. वर्षांचा हिशेब केला तर मुलगी चार वर्षांची होत होती.

‘पोरीचं नावबी लिवलं हाय?’ सरांनी विचारलं.

‘हो सर, सगळ्यांची आहेत.’

‘या घरात हे राह्यतेत, हे कोणं सांगतलं त्या लोकायले?’

‘यादी असेल ना सर.’

‘यादी कोणं लिवली?’

‘ते इथे नाही लिहिलेलं.’

‘नसतेच लिवत,’ सर म्हणाले. त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग फोन बंद झाला. मी परत लावला, लागला नाही. पुढचे चार रविवार त्यांनी फोन उचललाच नाही.

जानेवारीत मी सुट्टीवर गावी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी सर आमच्या दारात उभे. छत्री उंबरठ्यावर दोनदा आपटली. अंगाने निम्मे झाले होते. मी चप्पल सरकवली आणि निघाले. ‘आज बर्लिन नाही,’ ते म्हणाले, ‘आज गाव.’

शाळेची नवी इमारत झाली आहे, जुन्या खोल्या मागे तशाच उभ्या आहेत. सातवीच्या खोलीत मोडके बाक भरून ठेवलेले. सर दारात थांबले, बूट काढले आणि आत गेले. त्यांना त्या खोलीत मी पहिल्यांदाच पाहत होते.

‘ह्या इथं टेबल होतं,’ त्यांनी खिडकीखालची जागा दाखवली. ‘आणीबाणी होती. तुमचे जलमबी झाले नव्हते. वरून हुकूम आलता, दर मास्तरानं नसबंदीच्या तीन केसा आणायच्या. नाही आणल्या तं नोकरी पक्की होणार नाही. मी तेवीस वर्षांचा, नवाकोरा. दोन माणसं भेटली. तिसरं भेटेना. आम्ही दिसलो की गडी वावरात जाऊन लपत. शिबिराचा शेवटचा दिवस. ते ह्याच खोलीत होतं.’

बाहेर नव्या शाळेत प्रार्थना सुरू होती.

‘शिवराम तवा एकोणीसचा. लगन नाही, काही नाही. माह्या खोलीवर मेथी आणून द्यायचा अन् माह्यापाशी वाचाले शिकायचा. त्या दिवशी त्याचं पोट दुखत होतं. म्या म्हटलं, चाल, शाळेत डॉक्टर आलेत, दाखवून देतो. फारम म्या भरला. वय एकतीस. लगन झालेलं. मुलं तीन. डॉक्टरनं त्याच्याकडं पाह्यलं, मंग माह्याकडं. म्हणे, हा एकतीस वर्षांचा? म्या शुद्ध मराठीत सांगतलं, होय साहेब, अंगाने किरकोळ आहे. शिवराम बाजूलेच उभा. तीन मुलं आयकून त्याले हसू आलं. त्याले वाटलं, गुरुजी आपल्याले काही मिळावं म्हणून बनवून सांगून राह्यले. तसाच हसत टेबलावर चढला.’

सरांनी हे सगळं एका दमात सांगितलं, धडा पाठ असल्यासारखं. मनातल्या मनात किती वेळा म्हटलं असेल कोण जाणे.

‘तीन वर्षांनी त्याचं लगन झालं. अजून चारेक वर्षांनी माह्याकडं आला. म्हणे, गुरुजी, ते परत उघडता येते का? मी अकोल्याले जाऊन डॉक्टरले विचारून आलो. नाही म्हणे. त्यानं माह्यावाला हात धरला अन् म्हणे, तिले सांगू नका. म्या शब्द देला. त्याले लाज वाटत होती म्हणून त्यानं मागतला. मले सोयीचा होता म्हणून म्या देला.’

मला सरांचा राग आला. इतका, की त्या खोलीतून निघून जावंसं वाटलं. चाळीसहून जास्त वर्षं हा माणूस दर आठवड्याला त्या बाईसमोर उभा राहून वांगी निवडत होता. आम्हाला उन्हातान्हात उभं करून जर्मन कारकुनाच्या पापाचा जाब विचारत होता. तुमचं बर्लिन गेलं खड्ड्यात, असं मी त्यांना म्हणाले. अगदी याच शब्दांत. सरांनी मान डोलावली.

आणि त्याच वेळी मला दुसरंही आठवलं. वहिनीच्या डोहाळजेवणाला कुणाकुणाला बोलवायचं, ती नावं आईने सांगितली होती आणि मी लिहून घेतली होती. नाल्याकडची ओळ आली, तेव्हा आईने द्वारकाबाईंचं घर सोडून पुढचं नाव घेतलं. मी पुढचं नाव लिहिलं. का, म्हणून विचारलंसुद्धा नाही. हे मी सरांना त्या दिवशी सांगितलं नाही. आज सांगते आहे, तर ऐकायला ते नाहीत.

‘आता काय करायचं म्हणता?’ मी विचारलं.

‘तिले सांगायचं. लय डाव निघालो. हापशीपासून माघारी आलो. तू चाल.’

‘मी कशाला?’

‘एकटा गेलो तं मेथीची जुडी घेईन अन् वापस येईन. मले ठाऊक हाय ना, मी कसा हाय ते.’

आम्ही निघालो. ग्रामपंचायत, बाजारओटा, उतार. लोक नेहमीसारखे ‘काय गुरुजी, बर्लिन का?’ म्हणत होते आणि सर उत्तर देत नव्हते. हापशीपाशी ते थांबले. दांड्याला हात लावला, पण मारला नाही. मला वाटलं, झालं, इथून माघारी. मी त्यांना धीर दिला नाही. खरं सांगायचं तर मला द्यायचा नव्हता. मग त्यांनी छत्री काखेत धरली आणि पुढे चालू लागले.

अंगणात द्वारकाबाई मेथीच्या जुड्या बांधत बसली होती. शिवरामदादा बाजेवर होते, ते आम्हाला बघून उठले. सरांना त्या अंगणात पाहून दोघांनाही नवल वाटलं असणार. ‘या या गुरुजी! आज इकडं कसे? तुमचा नकाशा तं हापशीपर्यंतच हाय ना!’ द्वारकाबाई हसली. मला म्हणाली, ‘कवा आली वं विलायतीहून? बस, चहा मांडतो.’

‘चहा नको,’ सर म्हणाले आणि खाली, मातीतच बसले. ‘द्वारकाबाई, मले तुमाले एक सांगायचं हाय.’

शिवरामदादांना कळलं. त्यांचा चेहरा मी पाहिला. ‘गुरुजी, राहू द्या आता,’ ते म्हणाले. ‘काय राह्यलं आता त्याच्यात.’

‘नाही शिवराम. तुले देलेल्या शब्दामागं मी लय लपलो.’

आणि सरांनी खोलीत सांगितलं होतं तसंच, त्याच क्रमाने सगळं सांगितलं. पोटदुखी, टेबल, वय एकतीस, मुलं तीन, शिवरामचं हसणं. अकोला. दिलेला शब्द. स्वतःसाठी एकही शब्द मऊ केला नाही. सुरुवातीला द्वारकाबाईचे हात चालत होते. दोन जुड्या तिने बांधल्या. तिसरी हातात तशीच राहिली.

सर थांबल्यावर तिने नवऱ्याकडे पाहिलं. ‘तुमाले ठाऊक होतं?’

शिवरामदादा खाली बघत होते. त्यांनी होकाराची मान हलवली.

‘लगनाच्या आंधीपासून?’

‘तवा वाटलं होतं, होईन काही बरं,’ ते म्हणाले.

‘मी शेगावले पायी गेली,’ द्वारकाबाई म्हणाली. आवाज चढला नव्हता. ‘एकवीस गुरुवार केले. पुन्हा एकवीस केले. तुमच्या मायनं मरेपर्यंत माह्या हातचं पाणी घेतलं नाही. तुमी तिथंच जेवत होते. मी रोज देवाले विचारत होती, बाप्पा, माह्यं काय चुकलं ते तं सांग. घरात हे आयकत होते. बजारात गुरुजी आयकत होते.’

शिवरामदादा तोंडावर उपरणं धरून रडायला लागले. तिने तिकडे पाहिलं नाही. सर म्हणाले, ‘मी माफी मागाले नाही आलो. देऊबी नका.’ मला उठून तिच्याजवळ जावंसं वाटत होतं आणि तिथे जायचा आपल्याला काय अधिकार, असंही वाटत होतं. मी भिंतीशी उभी राहिले.

मग ती सरांकडे वळली.

‘मुलं तीन लिवले?’

‘हाव.’

‘मंग फारमात त्याइची नावंबी लिवा लागली असतीन.’

सरांनी डोळे मिटले. ‘हाव. लागली.’

‘काय लिवली?’

मला वाटलं, आता सर आठवतील, अडखळतील. त्यांना क्षणभरही आठवावं लागलं नाही. ‘थोरला गजानन,’ ते म्हणाले. ‘मंग रुख्मा. लहाना भास्कर.’

द्वारकाबाईने ती नावं हळूहळू, ओठांतल्या ओठांत, एकामागून एक म्हटली.

‘रुख्मा केवढी लिवली?’

‘तीन वर्षांची.’

तिने हातातली जुडी खाली ठेवली. उजवा तळवा पालथा करून जमिनीपासून वर धरला. थोडा वेळ बघितलं, आणि मग हात बोटभर खाली घेतला.

‘एवढी असंन,’ ती म्हणाली.